न धुता आणलेले स्वेटर

माझी पत्नी स्वेटर विणायची आणि ते उसने द्यायची. हे ऐकल्यावर माणसं पुन्हा विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कात्रजच्या बाजूला, सातारा रस्त्यापासून थोडं आत, आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे बँकेतले, शाळेतले, सरकारी कचेरीतले लोक होते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. मग काही वर्षांत सगळ्यांची मुलं संगणक शिकली आणि सकाळी सात वाजता कोपऱ्यावर कंपन्यांच्या बसगाड्या थांबू लागल्या. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक बंद पडतील अशी तेव्हा भीती होती. ते बंद पडू नयेत म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला जायचं होतं. त्याला हे शुक्रवारी कळलं आणि विमान मंगळवारचं होतं. त्याची आई धावत खाली आली. "अहो, तिकडे म्हणे गुडघाभर बर्फ आहे. याच्याकडे एक शाळेतला स्वेटर आहे, तोही कोपरापर्यंतच येतो."

पत्नीने नुकताच माझ्यासाठी एक राखाडी स्वेटर पुरा केला होता. तिने तो माझ्या कपाटातून काढला आणि देऊन टाकला. मी पाहत राहिलो तेव्हा म्हणाली, "तुम्हाला कुठे जायचंय?" खरोखरच मला कुठे जायचं नव्हतं.

तीन महिन्यांनी तो मुलगा चॉकलेटचा डबा आणि स्वेटर घेऊन आला. स्वेटर त्याने तिकडच्या यंत्रात गरम पाण्यात धुतला होता. तो आटून असा काही घट्ट झाला होता की उभा केला असता तर उभा राहिला असता. पत्नीने तो दोन्ही हातांत धरून खिडकीसमोर पाहिला.

"छान धुतलायस हं," ती म्हणाली. "बालवाडीत कुणाला होतो का बघते."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून नियम ठरला: स्वेटर परत आणायचा तो न धुता. कितीही मळलेला असला तरी चालेल. "घामाचं काही वाटून घेऊ नका," ती माझ्याकडे हात करून सांगायची, "मला यांच्यामुळे सवय आहे." धुवायचं काम तिचं. रिठ्याच्या पाण्यात, गच्चीवर, रविवारी सकाळी. तेव्हा मी गच्चीतच खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो.

तीन महिन्यांसाठी परदेशी जाणाऱ्याने जाड कोट कशाला घ्यावा, हा विचार पुणेकरांना पटण्यासारखाच होता. शेजारच्या सोसायटीतून, मग ओळखीच्या ओळखीतून, हडपसरच्या कंपन्यांतली मुलंमुली येऊ लागली. तिच्याकडे नऊ स्वेटर जमले. बाटलीच्या रंगाचा हिरवा, मोरपंखी, दोन निळे, एक मोहरीसारखा पिवळा, असे. मुलं तिकडून फोटो पाठवायची. बर्फात पिवळा, पुलावर निळा, कुठल्याशा चर्चसमोर मोरपंखी. ती फोटोतला माणूस आधी पाहत नसे. "खांद्याला ओढला गेलाय," म्हणायची. "पाठीवर पिशवी अडकवतात मेले." ती स्वतः आयुष्यात महाबळेश्वरच्या पलीकडच्या थंडीत गेली नाही.

ती गेली त्या भाद्रपदात आम्ही अकरा दिवस रुग्णालयात होतो. हृदयाचं दुखणं होतं. खोलीतलं वातानुकूलन कमी करता येत नव्हतं, म्हणून तिने घरून तिचा स्वतःचा स्वेटर मागवला. चॉकलेटी, पुढून बटणांचा, हिवाळ्यात सकाळी चहा करताना ती घालायची तो. अकरा दिवस तो तिच्या अंगावर होता. बाराव्या दिवशी परिचारिकेने तो कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

मी तो धुतला नाही. त्याला खोबरेल तेलाचा, कपाळाला लावायच्या बामचा आणि आणखी एक वास होता, त्याला नाव नाही. माळ्यावर निवृत्तीच्या वेळी सत्कारात मिळालेली माझी लाल शाल पडून होती, खरी लोकरीची. बरीच वर्षं ती कुणी उलगडलीही नव्हती. स्वेटरला धूळ लागू नये म्हणून मी तो त्या शालीत गुंडाळला आणि कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला. कपाटात सगळीकडे डांबराच्या गोळ्या होत्या. त्या कप्प्यातल्या मी वेचून काढल्या, कारण डांबराने वास मेला असता.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली, पण घरातला माणूस गेल्यावर पहिल्या दिवाळीला कुणी कपाटं आवरत नाही, तशी मीही आवरली नाहीत. एरवी ती दर दिवाळीआधी सगळं कपाट पलंगावर उपसायची.

ती गेली तेव्हा तीन स्वेटर परदेशात होते. ते एकेक करून परत आले. दार उघडलं की समोर एखादा तरुण उभा असायचा, हातात प्लास्टिकची पिशवी. "काका, काकूंनी सांगितलं होतं, न धुता..." मी म्हणायचो, "हो, बरोबर." पिशवी घ्यायचो आणि स्वेटर त्याच कप्प्यात ठेवायचो. शेवटचा मोरपंखी आला. तो वरच्या मजल्यावरच्या मुलीने आणला, त्या पहिल्या मुलाच्या धाकट्या बहिणीने. ती वर्षभर बेल्जियमला होती. नियम मला पाठ होता. त्या नियमाचा अर्धा भाग म्हणजे गच्चीवरची रविवारची सकाळ होती, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

रोज आंघोळीनंतर मी कपाट उघडायचो, शालीची घडी थोडी बाजूला करायचो आणि वास घ्यायचो. मग चहा. असं एक वर्ष गेलं, आणि वर थोडं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मला एक पतंग दिसला. भाताच्या शितापेक्षा थोडा लांब, वाळलेल्या गवताच्या रंगाचा, उजेडात जरीसारखा चमकणारा. मी नीट पाहायला विजेरी आणली तर तो उडाला नाही, चालत सुटला. पटापट पाय टाकत फटीत शिरला. पतंग दिव्याकडे येतो एवढंच मी आयुष्यभर वाचलं होतं. हा दिव्यापासून पळत होता.

तीस वर्षं मी पुस्तकांच्या कसरीशी झगडलो. ती चंदेरी, सरपटणारी. तिची मला पारख होती. हे काही निराळं होतं. मला दुसरं काही येत नाही म्हणून मी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथे आता कार्डांचे खण जाऊन संगणक आले होते. माझ्या जागी आलेल्या बाईंनी विचारलं, "सर, पुस्तकाचं नाव टाकू का?" मी म्हटलं, "राहू दे, खालचं कपाट, डावीकडे, दुसरी रांग." घरातल्या किड्यांवरचं ते जुनं इंग्रजी पुस्तक मीच कधीतरी नोंदवून घेतलं होतं. त्यात तो पतंग भेटला. टिनिओला बिसेलिएला. युरोपातल्या घराघरांतला लोकरीचा पतंग.

मी खिडकीजवळ बसून सावकाश वाचलं. त्याला तोंड असून नसल्यासारखं असतं. पतंग झाल्यावर तो काही खात नाही. अळी असताना जे खाल्लं असेल त्यावर दोन-तीन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. मादी फारशी उडत नाही. अंधाऱ्या जागी चालत जाते आणि लोकरीच्या धाग्यांत रव्यापेक्षा बारीक अंडी चिकटवते, चाळीस-पन्नास. खाते ती अळी. पांढरी, तपकिरी डोक्याची. स्वतःभोवती रेशमाची नळी विणते आणि त्या नळीत राहून खाते. लोकर, केस, पिसं, यांत जे असतं ते पचवणारे प्राणी जगात फार थोडे आहेत, त्यांतली ही एक. थंडी असली, खाणं कमी असलं, तर ती घाई करत नाही. वर्ष वर्ष अळीच राहते.

पुढे लिहिलं होतं की स्वच्छ धुतलेल्या लोकरीवर अळी नीट वाढत नाही. तिला नुसत्या लोकरीतून सगळं मिळत नाही. घाम, तेल, अन्नाचे डाग लागतात. म्हणून ती गळा, बाह्यांची टोकं आणि काखा आधी खाते.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. बस पकडून घरी आलो.

कप्पा उपसला. हिरव्या स्वेटरच्या गळ्याशी हिरवे बारीक कण होते, खसखशीएवढे. पुस्तकात तेही होतं: अळी ज्या रंगाची लोकर खाते त्या रंगाची तिची विष्ठा पडते. पिवळ्यात पिवळे कण होते. मग शाल उलगडून मी चॉकलेटी स्वेटर हातात घेतला. डाव्या मनगटाशी तीन भोकं, काखेत एक मोठं, गळपट्टी कुरतडलेली. भोकांच्या कडेला पांढऱ्या नळ्या, आणि सगळीकडे चॉकलेटी कणांबरोबर लाल कण. बाकी पाठ, खिसे, खालची किनार, सगळं धड होतं. तिच्या घामाने जिथे लोकर मऊ झाली होती, नेमकं तेवढंच गेलं होतं.

आता माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. धुतला तर स्वेटर राहणार आणि वास जाणार. न धुतला तर दोन्ही जाणार, फक्त हळूहळू. प्रश्न सरळ होता तरी मला तो सोडवायचा नव्हता. मी दोषी शोधला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली. मी विचारलं, "बेल्जियमला तुझ्या खोलीत गालिचा होता का?"

"होता की. भिंतीपासून भिंतीपर्यंत. घाण नुसता, माझ्या आजीच्या वयाचा. का हो काका?"

"छोटे पतंग? सोनेरी?"

"अय्या, हो! रूममेट आणि मी मारत बसायचो. स्कोअर ठेवायचो." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काका, मोरपंखीतून आले का? म्हणजे मी आणले?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं, पण ज्या आवाजात मी म्हणालो त्यात माहीत असल्यासारखंच होतं. ती वर गेली. मला त्या दिवशी बरं वाटलं, हे लिहायला नको वाटतं तरी लिहितो.

दुसऱ्या दिवशी तिने दाराखालून एक छापील कागद सरकवला होता. इंटरनेटवरून काढलेला. लोकरीचा कपडा पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अळ्या मरतात. खाली पेनने लिहिलं होतं: "धुवायला लागत नाही." म्हणजे मी का धुतला नसेल हे तिला कळलं होतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मी चॉकलेटी स्वेटर पिशवीत बांधून फ्रीजरच्या कप्प्यात घातला. आमचा फ्रीज एका दाराचा, लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी घेतलेला. बर्फाचा कप्पा चपलांच्या खोक्याएवढा. सकाळी स्वयंपाकाच्या बाई आल्या. त्या लातूरकडच्या, आमच्याकडे बारा वर्षं येत होत्या. त्यांनी मटार काढायला कप्पा उघडला.

"काय ओ काका, सेटरला उकडायलंय का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी पिशवी दाबून पाहिली. "आन् मटार कुठं ठेवू? तुमच्या कपाटात?"

त्या आठवड्यात दोनदा दुपारभर वीज गेली. कप्प्यातला बर्फ वितळून पिशवीच्या गाठीतून पाणी आत गेलं. मी स्वेटर बाहेर काढला तेव्हा त्याला ओल्या कोथिंबिरीचा वास येत होता. पंख्याखाली दोन दिवस वाळवला. कोथिंबीर थोडी कमी झाली. खोबरेल तेल जवळजवळ गेलं होतं. गळपट्टीच्या आतल्या बाजूला, नाक अगदी टेकवलं तर, तो नाव नसलेला वास अजून होता. पंधरा दिवसांनी बाहीत पुन्हा एक नळी दिसली, आणि ती हलत होती.

मग मी ठरवलं की आधी भोकं तरी बुजवून घेऊ. शनिवार पेठेत एका जिन्याखालच्या जागेत एक रफूवाले बसतात, माझ्याहून वयाने मोठे. मी पिशवी फळीवर ठेवली. त्यांनी स्वेटर काढला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि स्वेटर आधी उलटा करून पाहिला.

"हातचं काम आहे. चांगला हात आहे. आपल्या घरातलं?"

"हो."

"मग त्यांनाच सांगा की. मी नुसता रफू करणार. त्या विणून काढतील, कळणारही नाही."

"त्या आता नाहीत."

त्यांनी मान हलवली. कधी, कशाने, असं काही विचारलं नाही. सुईचं टोक बाहीच्या शिवणीत घालून त्यांनी एक नळी उचकटली, उजेडात धरली आणि लगेच स्वेटर माझ्या पिशवीत परत घातला.

"धुऊन आणा."

"तसाच नाही का होणार?"

"साहेब, माझ्या मागे बघा." मागे फळ्यांवर शाली रचलेल्या होत्या, छतापर्यंत. "निम्म्या पुण्याचे सत्कार आहेत इथे. यातली एक अळी तिकडे उतरली तर मी कुणाकुणाला तोंड दाखवू?"

"फक्त भोकं बुजवली असती तर..."

"बुजवीन की. एकीकडून मी बुजवीन, दुसरीकडून ते उघडेल. माझा धंदा चालेल, आपलं काय?" मग ते जरा सौम्य झाले. "रंग जाईल म्हणून घाबरताय का? नाही जायचा."

"रंगाचं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "आपली मर्जी. पण फार उशिरा आणू नका. तोवर नुसती बटणं उरतील, आणि बटणांना रफू होत नाही."

बसमध्ये बसल्यावर त्या शालींची रांग डोळ्यांसमोर होती आणि मला माझी शाल आठवली. स्वेटरवरून काढून मी ती पलंगाखाली ढकलली होती, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. घरी येऊन ती ओढून काढली आणि उजेडात धरली. तिची चाळण झाली होती. घड्यांमध्ये जुन्या, वाळलेल्या, रिकाम्या नळ्यांचे थर होते. किती तरी पिढ्या तिथे जन्मून गेल्या होत्या, माळ्यावर असल्यापासून. मग मी तो चॉकलेटी स्वेटर पुन्हा झटकला. कागदावर लाल कण पडले. स्वेटरमध्ये मोरपंखी कण एकही नव्हता. मोरपंखी स्वेटरच पाहिला, तर त्यालाही फक्त बाहीला एक छोटं भोक, अगदी ताजं.

अळ्या बेल्जियमहून आल्या नव्हत्या. मी त्या माळ्यावरून काढल्या आणि तिच्या स्वेटरभोवती गुंडाळल्या. त्याच्या आसपासच्या डांबराच्या गोळ्याही मीच वेचल्या. लाल कण पहिल्या दिवशीच माझ्या हातावर होते. पुस्तकातलं वाक्यही पाठ होतं. मला दोन्ही जोडून पाहायचं नव्हतं, इतकंच.

मी वर गेलो. दार तिनेच उघडलं, कानात फोनची वायर, कंपनीचं काही चालू होतं. तिने हाताने थांबा म्हटलं, वायर काढली.

"तू आणले नाहीस," मी म्हणालो. "माझ्या शालीत होते. आधीपासून."

"नक्की?"

"नक्की. रंगावरून कळतं." मी तिला लाल कणांचं सांगितलं.

ती म्हणाली, "ईऽ काका, म्हणजे शीवरून केस सोडवली तुम्ही." आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आईला सांगितलंच नव्हतं. दोन महिने मला वाटत होतं की काकूंचा..."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "आणि तुला तसं बोललो तीही."

"तुम्ही कुठे काही बोललात?"

"तेच तर."

खाली येताना जिन्यातच मी ठरवलं. शाल मी टाकून दिली. स्वेटर धुवायचे ठरवले, सगळे. पण कसे, ते मला येत नव्हतं. इतके रविवार मी तीन हातांवर बसलो होतो, आणि रिठे किती घ्यायचे ते मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं.

"काकू येका सेटरला सात घ्यायच्या. रातभर भिजू घालायच्या. सकाळी कुस्करून गाळून. गरम पाणी बिलकूल नाही." त्या माझ्याकडे पाहून थांबल्या. "मी धुते की ओ काका."

"नको. तुम्ही सांगा, मी धुतो."

चैत्र लागला होता. ऊन चांगलंच तापत होतं आणि पुस्तकात उन्हाचंही लिहिलं होतं, की ते अळ्यांना सोसत नाही. रविवारी सकाळी मी बादल्या, टब आणि चटया गच्चीवर नेल्या. वरच्या मुलीने दोन बादल्या उचलल्या आणि टाकीच्या सावलीत बसून राहिली. बाई सुट्टी असूनही आल्या. आधी इतर स्वेटर धुतले. हात बसावा म्हणून, आणि चुकलं तर त्यांच्यावर चुकावं म्हणून.

"पिळू नका ओ! ती काय चादर हाय का? दाबा. नुसतं दाबा."

पाण्यावर नळ्या तरंगल्या. बेल्जियमची, अमेरिकेची, इंग्लंडची धूळ पुण्याच्या पाण्यात उतरली, रंग सगळीकडचा सारखाच निघाला. पिवळा, हिरवा, दोन्ही निळे, मोरपंखी. ऊन डोक्यावर यायच्या आत आठ झाले. राखाडी आटलेलाच होता, तोही धुतला.

चॉकलेटी उरला. मी तो हातात घेऊन भिंतीकडे तोंड केलं आणि गळपट्टीला नाक लावलं. होता. थोडा, पण होता. वास गेलेला असता तर सोपं झालं असतं. मी बराच वेळ तसाच उभा होतो. कुणी घाई केली नाही.

मग मी तो पाण्यात सोडला. लोकर सुरुवातीला पाण्यावर राहिली, आत हवा होती. मी तळव्याने हळूहळू खाली दाबली. बुडबुडे आले. पाणी चहासारखं झालं. मी दाबत राहिलो, उचलत राहिलो, दुसऱ्या पाण्यात घातला, तिसऱ्या. पहिलं पाणी टबात तसंच होतं. बाईंनी टबाला हात घातला, माझ्याकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला. मीच तो कलता केला. पाणी गच्चीच्या उतारावरून पन्हाळीकडे गेलं.

चटईवर टाकला तेव्हा तो स्वेटर राहिला नव्हता. ओल्या लोकरीला आकार नसतो. बाह्या कुठच्या कुठे लोळत होत्या, खांदे गळून रुंद झाले होते, तो कुणाचाही असू शकला असता.

"आता बसवा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"असाच वाळला तर असाच ऱ्हाईल. ज्याचा हाय त्याच्या मापात ओढून बसवायचा. काकू समद्यांचं माप धेनात ठेवायच्या. हे तर काकूंचंच हाय, हे म्या काय सांगू?"

मी चटईवर गुडघे टेकले. खांद्यांपासून सुरुवात केली. दोन्ही हात ठेवले आणि आत आणले, आणखी थोडे, जिथे थांबायचं तिथे ते आपसूक थांबले. तिचे खांदे अरुंद होते. उजवा किंचित खाली असायचा, आयुष्यभर त्या खांद्याला पर्स अडकवल्यामुळे. मी उजवा खाली घेतला. कमरेशी बटणांची पट्टी सरळ केली, शेवटचं बटण ती लावत नसे म्हणून तिथे सैल सोडली. बाह्या राहिल्या. बाही मनगटापर्यंत यायची नाही, बांगड्यांच्या वर थांबायची, चहाचं पातेलं उचलताना ओली होऊ नये म्हणून. तेवढी ठेवली. डाव्या बाहीच्या टोकाची तीन भोकं ओढल्यावर मोठी झाली, ती तशीच राहू दिली.

"जमलं," मुलगी म्हणाली.

मी दुसरी बाही ओढायला वळलो.